गणेशपुरी आणि आंतरराष्ट्रीय आरोग्य सहकार्य : एक चिकित्सक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या काठी वसलेले गणेशपुरी हे गाव महाराष्ट्राला दोन कारणांनी परिचित आहे. वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी या पट्ट्यातील गरम पाण्याची कुंडे हे पहिले कारण होय. १९३६ च्या सुमारास येथे येऊन राहिलेल्या आणि ८ ऑगस्ट १९६१ रोजी येथेच समाधिस्थ झालेल्या भगवान नित्यानंदांचे वास्तव्य हे दुसरे. कुंडात स्नान केल्याने त्वचेचे विकार व सांधेदुखी बरी होते ही लोकश्रद्धा जुनी आहे. त्यामुळे आरोग्य आणि अध्यात्म यांची सांगड या गावाला नवी नाही. सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकास मात्र तिसरे एक कारण अधिक महत्त्वाचे वाटते. परदेशातून आलेला पैसा, परदेशी स्वयंसेवक आणि परदेशात आखलेल्या योजना या साऱ्यांचा स्पर्श गणेशपुरीच्या परिसराला गेली अनेक दशके होत आला आहे. विकसनशील देशाचे आरोग्य सुधारण्यासाठी होणारे आंतरराष्ट्रीय सहकार्य एका खोऱ्यात उतरते तेव्हा त्याचे काय होते, हे पाहण्यासाठी ही जागा सोयीची आहे.

‘मदत’ आणि ‘सहकार्य’ हे दोन शब्द आपल्याकडे समानार्थी म्हणून वापरले जातात. प्रस्तुत लेखात त्यांत फरक केला आहे. औषध, चष्मा, दूध, शस्त्रक्रिया अशी वस्तू किंवा सेवा सीमा ओलांडून येते तेव्हा ती मदत होय. ती निर्माण करण्याची व चालू ठेवण्याची क्षमता येथे रुजते आणि येथील सार्वजनिक व्यवस्थेचा भाग बनते तेव्हाच त्यास सहकार्य म्हणावे, अशी भूमिका येथे घेतली आहे. दाता सरकारी आहे की धार्मिक, देशी आहे की विदेशी, हा प्रश्न या कसोटीपुढे दुय्यम ठरतो.

यात्रेच्या वाटेने आलेली मदत

नित्यानंदांचे शिष्य स्वामी मुक्तानंद (१९०८–१९८२) यांनी १९५६ मध्ये गणेशपुरीत आश्रम सुरू केला. १९७० पासून त्यांनी तीन विश्वदौरे केले, अमेरिकेत त्यांचा मोठा शिष्यवर्ग तयार झाला आणि १९७४ मध्ये तेथे सिद्धयोगाचे प्रतिष्ठान स्थापन झाले. त्यानंतर गणेशपुरीत केवळ मुंबईचे भाविक येत राहिले नाहीत. न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, ऑस्ट्रेलिया व युरोपातील माणसेही महिनोन्‌महिने राहू लागली. त्यांत डॉक्टर होते, परिचारिका होत्या, दंतवैद्य होते. आश्रमाच्या भिंतीपलीकडे वारली, कातकरी, मल्हार कोळी व ठाकूर यांचे पाडे होते. हे दोन समाज इतके जवळ आले की त्यांतून काही घडणे अपरिहार्यच होते. मुक्तानंदांच्या नावाचा फिरता दवाखाना खोऱ्यातील गावांत जाऊ लागला. पुढे १९९२ मध्ये गुरुमाई चिद्विलासानंद यांच्या प्रेरणेने अमेरिकेत ‘प्रसाद’ हा स्वतंत्र सेवाप्रकल्प उभा राहिला आणि गणेशपुरी परिसरातील कार्य ‘प्रसाद चिकित्सा’ या भारतीय संस्थेमार्फत होऊ लागले. फिरता दवाखाना, आरोग्य केंद्र, नेत्रशिबिरे, लहान मुलांसाठी दूध व पोषक आहार आणि नंतरच्या काळात पाणी, स्वच्छता व शेतीची कामे, असे या कार्याचे स्वरूप राहिले आहे. याच प्रकल्पाने मेक्सिकोत मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया आणि न्यूयॉर्क राज्यातील सलिव्हन परगण्यात मुलांच्या दंतआरोग्याचे काम हाती घेतले, ही बाब लक्षणीय आहे. श्रीमंत देशातील एका परगण्यालाही मदतीची गरज असते, हे त्यातून सूचित होते. ‘विकसित’ व ‘विकसनशील’ या शब्दांवर आपण जितका विश्वास टाकतो तितका टाकू नये.

या कार्याचे मोल कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. ज्या पाड्यावर डॉक्टर पोहोचत नाही तेथे गाडी पोहोचली, ही गोष्ट त्या पाड्यापुरती फार मोठी असते. परंतु चिकित्सेत एक प्रश्न टाळता येत नाही. ही मदत याच खोऱ्याला का मिळाली? उत्तर उघड आहे. येथे गुरूंचा आश्रम होता. मदत गरजेच्या नकाशावरून आली नाही, ती यात्रेच्या वाटेने आली. १९९२ या वर्षाकडे पुन्हा पाहिले म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. अमेरिकेत प्रसाद प्रकल्प स्थापन झाला त्याच वर्षी, तेव्हाच्या अविभाजित ठाणे जिल्ह्यातच, जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. शासनाला आदिवासी भागासाठी १९९५ मध्ये नवसंजीवन योजना आणावी लागली, तिच्यामागे ही घटना होती. वावर-वांगणीत कोणी जगप्रसिद्ध संत राहत नव्हता. यात कोणाचा दोष काढण्याचे कारण नाही. भक्ताने आपल्या गुरूच्या गावाला द्यावे हे स्वाभाविकच आहे. तथापि केवळ ऐच्छिक औदार्यावर सोडलेले आरोग्य कसे विषम वाटले जाते, हे एकाच जिल्ह्यातील या दोन जागा दाखवतात. ही विषमता भरून काढणे हे सार्वजनिक व्यवस्थेचेच काम ठरते.

शिबिराची मर्यादा आणि भिंगाचा कारखाना

परदेशी मदतीचे आपल्याकडील सर्वांत परिचित रूप म्हणजे नेत्रशिबीर. मंडप, रांग, हिरव्या पट्ट्या बांधलेले वृद्ध आणि दुसऱ्या दिवशी पट्टी सुटल्यावर उजळलेले चेहरे! शिबिराचे आकर्षण समजण्यासारखे आहे. त्यात परिणाम तत्काळ दिसतो, तो मोजता येतो आणि दात्यास छायाचित्रासह कळवता येतो. सार्वजनिक आरोग्यातील फारच थोड्या गोष्टी इतक्या दृश्य असतात. न झालेल्या अतिसाराचे छायाचित्र काढता येत नाही.

शिबिरांचा इतिहास मात्र या आकर्षणापुरता सीमित नाही. भारताने १९७६ मध्ये अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि त्यास डेन्मार्कने दीर्घकाळ साहाय्य दिले. तेव्हाच्या शिबिरांत मोतीबिंदू झालेले भिंग काढून टाकले जाई व रुग्णाला जाड काचेचा चष्मा दिला जाई. चष्मा फुटला किंवा हरवला की शेतावर काम करणारा मनुष्य पुन्हा जवळजवळ अंध होई. शिबिराच्या नोंदवहीत तो ‘यशस्वी शस्त्रक्रिया’ या सदराखालीच राही. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने महाराष्ट्रासह सात राज्यांत मोतीबिंदू अंधत्व नियंत्रण प्रकल्प राबविण्यात आला. त्याने भर बदलला. डोळ्यात कृत्रिम भिंग बसवणे, त्यासाठी शल्यचिकित्सकांना प्रशिक्षण देणे आणि तंबूत शस्त्रक्रिया करण्याऐवजी रुग्णाला कायमस्वरूपी शस्त्रक्रियागृहात आणणे, या दिशेने व्यवस्था सरकली. शिबीर उरले ते प्रामुख्याने तपासणीसाठी. जागतिक बँकेच्या आरोग्यधोरणांवर, विशेषतः सेवाशुल्काच्या आग्रहावर, कठोर टीका झाली आहे व ती योग्यच आहे; परंतु या एका प्रकल्पाने जिल्हा रुग्णालयांत काहीतरी मागे ठेवले, हे नाकारता येत नाही.

येथे एक तुलना उद्‌बोधक ठरेल. प्रसाद प्रकल्पाप्रमाणेच अमेरिकेतील ‘सेवा फाउंडेशन’ या संस्थेचे मूळही एका भारतीय आश्रमात आहे. नीम करोली बाबांचे शिष्य डॉ. लॅरी ब्रिलियंट हे गुरूंच्याच सांगण्यावरून जागतिक आरोग्य संघटनेच्या देवी निर्मूलन मोहिमेत दाखल झाले. मे १९७५ मध्ये भारतात देवीचा अखेरचा रुग्ण नोंदला गेला. त्या मोहिमेतील सहकारी डॉ. निकोल ग्रासे, रामदास या नावाने ओळखले जाणारे अमेरिकन साधक आणि इतर मंडळींसह ब्रिलियंट यांनी १९७८ मध्ये ही संस्था स्थापन केली. तिने मदुराईच्या डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांच्या अरविंद नेत्र रुग्णालयाशी संबंध जोडला. आरंभी कृत्रिम भिंगे अमेरिकेतून दान म्हणून येत. दान म्हणून येणाऱ्या भिंगांवर देशाचा कार्यक्रम उभा राहू शकत नाही, हे लवकरच ध्यानात आले. तेव्हा भिंगे मागण्याऐवजी ती बनवण्याचे तंत्र मागण्यात आले आणि १९९२ मध्ये मदुराईत ‘ऑरोलॅब’ सुरू झाली. आयात भिंगाची किंमत शंभर डॉलरच्या घरात होती; ऑरोलॅबने ती दहा डॉलरच्या आसपास आणली व पुढे आणखी उतरवली. आज तिची भिंगे शंभराहून अधिक देशांत जातात.

दोन्ही उपक्रमांची प्रेरणा सारखी आहे. गुरुभक्ती, अमेरिकन मध्यमवर्गीयांचे औदार्य आणि भारतातील दारिद्र्याशी आलेला प्रत्यक्ष संबंध या तिन्ही गोष्टी दोहोंकडे आहेत. फरक आहे तो भारतातील जोडीदारात. मदुराईत परदेशी मंडळींसमोर एक निवृत्त शासकीय शल्यचिकित्सक होता. आपल्याला काय हवे आहे आणि काय नको आहे, हे त्याला नेमके ठाऊक होते. तानसा खोऱ्यात पाड्यावरील माणूस हा आरंभी तरी केवळ ‘लाभार्थी’ होता. लाभार्थी या शब्दाची चिकित्सा आपल्या समाजशास्त्रज्ञांनी करावयास हवी. त्या शब्दात घेणारा हात आहे, बोलणारे तोंड नाही. अर्थात एका खोऱ्यातील आरोग्यसेवेची एका उत्पादनसंस्थेशी तुलना करण्यास मर्यादा आहेत. प्रत्येक गावात भिंगाचा कारखाना निघू शकत नाही, हा आक्षेप ग्राह्य आहे. मुद्दा कारखान्याचा नसून, काय मागावे हे कोणी ठरवले, हा आहे.

रोगाची व्याख्या कोण करतो?

आंतरराष्ट्रीय सहकार्यातून औषधे येतात, तशा व्याख्याही येतात. व्याख्यांचा परिणाम औषधांपेक्षा दीर्घ असतो. कुष्ठरोगाचे उदाहरण महाराष्ट्राच्या दृष्टीने अत्यंत बोलके आहे. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. तो ज्या जिल्ह्यांत प्रथम सुरू झाला त्यांत वर्धा होता, आणि ही निवड योगायोगाची नव्हती. दत्तपूरचे कुष्ठधाम आणि गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान यांनी त्या जिल्ह्यात दीर्घ काम करून ठेवले होते. परदेशी औषध देशी परिश्रमाच्या भूमीवर पडले. १९९५ पासून जपानच्या निप्पॉन फाउंडेशनने आणि २००० पासून नोव्हार्टिसने ही औषधे जगभर विनामूल्य पुरवली. औषध बाहेरून आले. घरोघरी जाऊन चट्टा पाहणारा, संवेदना तपासणारा कर्मचारी मात्र येथलाच होता. सहकार्य म्हणावे असे हे उदाहरण आहे.

याच कार्यक्रमाची दुसरी बाजू १९९१ च्या जागतिक आरोग्य सभेच्या ठरावात आहे. दर दहा हजार लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी रुग्ण म्हणजे ‘दूरीकरण’, अशी व्याख्या करून २००० हे लक्ष्यवर्ष ठरवण्यात आले. भारताने हा टप्पा राष्ट्रीय सरासरीने डिसेंबर २००५ मध्ये गाठला. सरासरी ही गोष्ट मोठी फसवी असते. देशाची सरासरी एकाखाली आली म्हणून आदिवासी पाड्याची आली असे होत नाही. या सुमारास कुष्ठरोगाची स्वतंत्र यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन झाली. तत्त्वतः हे योग्यच होते. परंतु रुग्ण घरी जाऊन शोधण्याऐवजी त्याने स्वतः केंद्रात यावे, अशी अपेक्षा त्यातून निर्माण झाली. न दुखणारा चट्टा घेऊन कातकरी मजूर दिवसाची मजुरी बुडवून केंद्रात का येईल? शासनालाच २०१६ मध्ये कुष्ठरुग्ण शोधमोहीम हाती घेऊन पुन्हा घरोघरी जावे लागले. मधल्या दहा वर्षांत ज्यांच्या हातापायांत विकृती आली त्यांच्या बाबतीत ‘दूरीकरण’ या शब्दाचा अर्थ काय लावायचा?

क्षयरोगाच्या बाबतीत उलट प्रवाहही दिसतो. १९५६ मध्ये मद्रास येथे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून केंद्र स्थापन केले. दाटीवाटीच्या घरात राहून औषध घेणारा रुग्ण आरोग्यधामातील रुग्णाइतकाच बरा होतो, हे १९५९ मध्ये त्याने सिद्ध केले आणि साऱ्या जगाचा क्षयोपचार बदलला. तसेच जामखेडचे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये अहमदनगर जिल्ह्यातील या तालुक्यात अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांना आरोग्यसेविका बनवले. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्या प्रयोगाची नोंद झाली. १९७८ च्या अल्मा-आटा जाहीरनाम्यातील प्राथमिक आरोग्यसेवेच्या विचाराला बळ देणाऱ्या मोजक्या प्रयोगांत जामखेड गणले जाते. ज्ञान पाश्चात्त्य देशांतून आपल्याकडे येते, हे गृहीतक या दोन उदाहरणांपुढे टिकत नाही. जाहीरनाम्याची शाई वाळण्यापूर्वीच, १९७९ मध्ये, ‘निवडक’ प्राथमिक आरोग्यसेवेचा पर्याय अमेरिकेतून पुढे आला. मोजक्या रोगांवर मोजके स्वस्त उपाय, असे त्याचे सूत्र होते. नंतरच्या बहुतेक आंतरराष्ट्रीय मोहिमा याच दुसऱ्या विचाराच्या अपत्य आहेत.

वीटभट्टीवरचा रुग्ण

तानसा खोऱ्यातील सर्व योजनांची खरी परीक्षा दिवाळीनंतर सुरू होते. पावसाळी शेतीची कामे संपली की कातकरी कुटुंबे भिवंडी, वसई व त्यापलीकडील वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मालकाकडून आधीच घेतलेली उचल अंगावर असते. ती फिटेपर्यंत भट्टी सोडता येत नाही. या सहा-सात महिन्यांत पाड्यावर येणारा फिरता दवाखाना त्यांच्या उपयोगाचा नसतो. अंगणवाडीचे दूध मुलापर्यंत पोहोचत नाही. सहा महिने चालणारा क्षयाचा उपचार मध्येच तुटतो. औषध उपलब्ध आहे, विनामूल्य आहे, जगाने ते सिद्धही केले आहे. रुग्ण तेवढा जागेवर नाही.

गणेशपुरीपासून जवळच असलेल्या वसई तालुक्यातील उसगावचा उल्लेख याच संदर्भात करावा लागतो. विवेक व विद्युल्लता पंडित यांनी १९७९ मध्ये विधायक संसद आणि १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना स्थापन केली. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याचा आधार घेऊन आदिवासी वेठबिगारांची मुक्तता घडवून आणली. वीटभट्ट्यांवरील मुलांसाठी ‘भोंगा शाळा’ चालवल्या. लंडनच्या गुलामगिरीविरोधी आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९९ मध्ये पंडित दांपत्याला आपला पुरस्कार दिला. रूढ अर्थाने हे आरोग्यकार्य नव्हे, आणि आरोग्यविषयक अहवालांत त्यास स्थानही मिळत नाही. परंतु उचल घेऊन बांधला गेलेला मजूर आजारी पडल्यास दवाखान्यात जाण्यास मोकळा असणे, ही आरोग्याची पहिली अट आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्या दृष्टीने पाहता या खोऱ्यात आलेल्या आंतरराष्ट्रीय पाठबळापैकी सर्वाधिक आरोग्यदायी कोणते, याचे उत्तर कदाचित कोणत्याही दवाखान्यात सापडणार नाही. (तानसा जलाशय १८९२ पासून मुंबईची तहान भागवतो आहे. खोऱ्यातून पाणी शहरात जाते आणि शहरातून खोऱ्यात शिबिरे येतात, या देवाणघेवाणीचा हिशेब कोणीतरी एकदा मांडावयास हवा.)

निधीची वाट

अलीकडच्या घडामोडींनी हा प्रश्न अधिक निकडीचा केला आहे. २०२० च्या दुरुस्तीने विदेशी अंशदान नियमन कायदा कडक झाला. प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नासवरून वीस टक्क्यांवर आली आणि एका संस्थेने मिळालेला विदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यास मनाई झाली. मोठ्या संस्थेकडून पाड्यावरील छोट्या संस्थेकडे जाणारी वाट त्यामुळे बंद झाली. आरोग्यकार्यात ‘प्रशासकीय खर्च’ म्हणून जे दिसते त्यात बरेचदा माणसांचे वेतन असते, याकडे कायदा करणाऱ्यांनी पुरेसे लक्ष दिले असे वाटत नाही. दुसरीकडे जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने आपले परकीय साहाय्य थांबवले आणि त्याच वर्षी १ जुलैपासून ‘यूएसएड’चे काम बंद करून उरलेले कार्यक्रम परराष्ट्र खात्याकडे सोपवले. एका राजधानीतील आदेशाने अनेक देशांतील क्षय व एड्सचे कार्यक्रम एका आठवड्यात ठप्प झाले. या पार्श्वभूमीवर भक्तांच्या देणग्यांवर चालणारे गणेशपुरीसारखे कार्य अधिक चिवट ठरते, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. जागतिक बँकेचा मोतीबिंदू प्रकल्प आठ वर्षांत संपला. प्रसाद प्रकल्पाचे नाते तीन दशकांहून अधिक काळ टिकले. श्रद्धेला प्रकल्पाची मुदत नसते.

म्हणूनच त्या टिकाऊपणाचा उपयोग कशासाठी व्हावा, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन झाले. गणेशपुरी ठाण्यात राहिले. उसगाव आणि जव्हार पालघरमध्ये गेले. नदी ओलांडली की जिल्हा बदलतो आणि त्याबरोबर रुग्णाची नोंदवही, आशा कार्यकर्ती व क्षयरोग अधिकारीही बदलतो. भट्टीवर गेलेल्या कुटुंबाच्या दृष्टीने ही सीमा अस्तित्वातच नसते. पाडा सोडताना कोणत्या मुलाची कोणती लस बाकी आहे, कोणत्या रुग्णाचा उपचार कितव्या महिन्यात आहे, गर्भवती कोण आहे, याची माहिती मुकादमाच्या यादीबरोबरच भट्टीच्या गावातील उपकेंद्राला पोहोचली पाहिजे. हे काम खर्चाचे नाही, परंतु चिकाटीचे आहे. वर्षानुवर्षे तीच माणसे तेथे असावी लागतात, पाड्यावर त्यांची ओळख असावी लागते आणि शासकीय केंद्राशी त्यांचा रोजचा संबंध असावा लागतो. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी गणेशपुरीच्या संस्थेकडे आहेत. तिसरी अद्याप कोणत्याही दात्याच्या अर्जाच्या नमुन्यात विचारली जात नाही. ती विचारली जावी, आणि विचारण्याचा अधिकार वज्रेश्वरीच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला व त्या परिसरातील ग्रामसभांना असावा.